मधला आकडा

सव्वीस वर्षं मी जहाजांच्या पोटावरचे आकडे वाचले.
मुरगावच्या पाण्यात, होडीत पाय फाकून उभा,
एका हातात टॉर्च, दुसऱ्यात ओली वही.
पाणी कधी एका रेषेवर थांबत नाही.
लाट चढते तिथे एक, उतरते तिथे एक,
श्वास धरून दहा लाटा पाहायच्या
आणि मधला आकडा लिहायचा.
त्यावरून ठरायचं, किती खनिज चढलं,
कोण कुणाचं किती देणं लागतो.
कप्तान सही करायचा. मालाचा मालकही.

आता पणजीत, पाटोच्या एका तिसऱ्या मजल्यावर,
एसीखाली शाल गुंडाळून बसलेल्या फुर्तादोबाई
आम्हा अकरा जणांना लवाद करायला निघाल्यात.
पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
न्यायाधीशाला खुर्ची सरकार देतं,
तुम्हाला ती भांडणारे दोघे मिळून देणार,
तेव्हा टेकून बसू नका.

सरावाचा खटला: बाणावलीच्या हॉटेलातला तलाव गळतो.
कंत्राटदार झाला आर्किटेक्ट आग्नेल,
मालकीण फोंड्याची सी.ए. सुलक्षा.
खोट्या पावत्या, खोटी पत्रं,
प्लंबरच्या जबाबावर मुद्दाम पाडलेला चहाचा डाग.
आग्नेल इतका जीव तोडून भांडला
की चहाच्या सुट्टीतही सुलक्षाशी बोलेना.
अठरा लाखांचा दावा.
मी नऊ दिले.
अक्षर सुंदर. खाली तारीख, स्थळ, सही.

बाईंनी नवाभोवती लाल गोल काढला.
हे कुठून आले?
मधला आकडा, मॅडम.
शिरसाट, लाटेनं कुणाशी करार केलेला नसतो.
कलम चौदा वाचलंत?
नव्हतं वाचलं.
चौदात होतं, ताबा देण्याआधी
सात दिवस तलाव भरून ठेवायचा.
कुणी भरला? कुणी भरू दिला नाही?
अर्धं अर्धं करायला, त्या म्हणाल्या,
सुरी पुरते. माणूस कशाला बसवायचा?

त्या रात्री चार पानं कारणं लिहिली.
आयुष्यात पहिल्यांदा
आकड्याच्या आधी वाक्य आलं,
आणि वाक्याला लाटेसारखं थांबवता येईना.

शेवटच्या आठवड्यात एक फॉर्म दिला.
पक्षकारांशी नातं, व्यवहार, ओळख,
जे तुमच्या तटस्थपणावर शंका आणील ते सगळं.
सरावाचाच फॉर्म, दोन ओळी रिकाम्या.
मला मात्र कप्तान लोटलीकर आठवला.
दर मे महिन्यात मानकुरादची करंडी पाठवायचा.
आम्ही खायचो. मुलं कोयीसुद्धा चोखायची.
त्यासाठी मी कधी आकडा हलवला नाही.
म्हणजे, एका रात्री टॉर्च मंद होता,
पाणी चारवर होतं की पाचवर,
मी पाच लिहिले.
पाचच होते बहुतेक.
मी बाईंकडे आणखी एक कागद मागितला.
त्यांनी विचारलं नाही कशाला.

संध्याकाळी रायबंदरहून चोडणची फेरीबोट.
पोदेर मिंगेलच्या सायकलची टोपली
उमाकांतच्या नव्या स्कूटरला घासली.
नखाएवढा ओरखडा, आणि आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत.
कुणीतरी म्हणालं, हे बघा शिरसाट, शिकताहेत ना ते,
त्यांनाच विचारा.
दोघे वळले. बोटही जणू हळू झाली.

मी घसा साफ केला.
आधी सांगायला हवं, म्हटलं,
उमाकांतची बायको माझ्या मावसबहिणीची नणंद.
मिंगेलकडे माझी पावाची उधारी आहे, सतरा रुपये.
आणि उमाकांत, तुझी शिडी
चवथीपासून माझ्याकडे पडून आहे.
इतकं असूनही मी चालत असेन दोघांना, तर बोला.

आधी मिंगेल हसला.
मग उमाकांतनं थुंकी लावून ओरखडा पुसला,
तो अर्धा पावाचं पीठच निघाला.
फळी खाली पडली, लोखंड वाजलं,
सगळे पुढे सरकले. निवाडा कुणाला नकोच होता.

मी मागे उभा राहिलो थोडा.
बोटीच्या कडेला पाणी वर चढत होतं, खाली जात होतं.
सवयीनं दहा मोजले.
काही लिहिलं नाही.
शिडी मात्र उद्या नेऊन द्यायला हवी.